पाण्याआधी घ्यायचा निर्णय

नृसिंहवाडीला, कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरच्या दत्तमंदिरात, पावसाळ्यात नदी चढू लागली की पुढे काय करायचे याचा विचार कोणाला नव्याने करावा लागत नाही. पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वाराचा सोहळा होतो आणि भाविक त्या पाण्यात स्नान करतात. पाणी त्याहून वर आले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेली जाते आणि पूजाअर्चा तिथे चालू राहते. किती पाण्याला कोणते काम, ते कोणी करायचे आणि देव कुठे हलवायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. 'यंदा एवढे पाणी येणार नाही, जरा वाट पाहू' असे म्हणून मूर्ती जागेवर ठेवण्याचा विचार तिथे कोणाच्या मनात येत नाही. त्याच शिरोळ तालुक्यात, त्याच नदीच्या काठावर, माणसांच्या हजारो घरांत मात्र अशी कोणतीही खूण ठरलेली नसते, आणि दर पुरात त्याची किंमत आपण मोजतो.

आपत्तीची पूर्वतयारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वस्तू येतात: विजेरी, मेणबत्त्या, दोरखंड, औषधांची पेटी, फार तर लाइफ जॅकेट. त्या वस्तू लागतात, त्यांच्याबद्दल पुढे लिहितोच. परंतु गेल्या काही वर्षांत कृष्णाकाठी जे पाहिले त्यावरून माझे असे मत झाले आहे, की आपल्याकडे कमी पडतो तो निर्णय. घर केव्हा सोडायचे, कोणाला आधी हलवायचे, जनावरे कोणी न्यायची, कुठे जायचे, हे प्रश्न आपण पाणी अंगणात आल्यावर विचारू लागतो. त्या वेळी घरातला प्रत्येक जण घाबरलेला असतो, वीज गेलेली असते, रस्ता अर्धा बुडालेला असतो आणि अशा स्थितीत शहाण्या माणसाचाही निर्णय चुकतो. तो निर्णय कोरड्या दिवसांत, शांत डोक्याने, घरातल्या आणि गल्लीतल्या सर्वांनी मिळून घेऊन ठेवला पाहिजे आणि पाण्याच्या एका ठरलेल्या खुणेला बांधून टाकला पाहिजे.

ऑगस्ट २०१९ चा महापूर मी सांगलीत अनुभवला. आयर्विन पुलापाशी नदीची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फूट ६ इंचांपर्यंत गेले. आमच्या भागातल्या अनेक घरांच्या भिंतींवर २००५ च्या पुराची रेघ होती. काहींनी ती तैलरंगाने मुद्दाम ओढून ठेवली होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवताना आपण सर्वांत वाईट ते पाहून चुकलो आहोत असा एक विश्वास बोलण्यात असायचा. २००५ मध्ये पाणी ५४ फुटांच्या आसपास थांबले होते. त्यामुळे २०१९ मध्ये आमच्यासकट पुष्कळांनी सामान उचलले ते त्या जुन्या रेघेच्या वीतभर वर. धान्याचे डबे, मुलांची पुस्तके, शिलाई मशीन, कागदपत्रांची पेटी, सगळे त्या हिशेबाने फळ्यांवर आणि कपाटांवर चढवले आणि माणसेही त्याच हिशेबाने थांबली. पाणी रेघेच्या वर आणखी तीन-साडेतीन फूट चढले. ज्या रेघेने आम्हाला सावध करायला हवे होते, तिनेच आम्हाला थांबवून ठेवले. पुढे जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास आले तेव्हा त्या भिंतींवर तीन रेघा झाल्या. जुनी रेघ मागे काय घडले एवढेच सांगते, पुढच्या पुराची मर्यादा ती सांगू शकत नाही, ही गोष्ट समजायला आम्हाला दोन महापूर लागले.

लोक वेळेवर का निघत नाहीत, याचे उत्तर 'लोक ऐकत नाहीत' असे देऊन प्रशासनातली आणि शहरातली माणसे मोकळी होतात. ते उत्तर मला अन्यायाचे वाटते. करवीर, शिरोळ, पलूस, वाळवा या तालुक्यांतल्या शेतकरी घरात दोन म्हशी आणि एक गाय असते. त्यांच्या दुधावर पंधरवड्याचे बिल येते, त्यावर घर चालते. ती जनावरे छावणीत जातील, तिथे वैरण असेल, वेळेवर धार काढता येईल, अशी खात्री कोणी दिली नसेल तर घरातला कर्ता माणूस बायकामुलांना पाठवतो आणि स्वतः मागे राहतो. दुसरे कारण चोरीचे. रिकाम्या गल्लीत घरे फोडली जातात, हे लोकांनी ऐकलेले असते. तिसरे कारण म्हातारी माणसे: ज्यांना उचलून न्यावे लागते, ज्यांना अनोळखी शाळेच्या हॉलमध्ये शौचाला जाण्याची लाज वाटते आणि जी म्हणतात, 'मला इथेच राहू द्या.' ही तिन्ही कारणे खरी आहेत, आणि तिन्हींचे उत्तर आधी शोधून ठेवता येते. ते शोधले नाही म्हणजे निघणे लांबते, रस्ता जातो आणि मग होडीची वाट पाहावी लागते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत क्षमतेहून जास्त माणसे बसली होती आणि बुडालेल्यांत स्त्रिया आणि मुले होती. त्या माणसांचा जीव घरात राहिल्यामुळे गेला नाही, तो सुटकेच्या वाटेवर गेला. सुटकेची वेळ टळली की सुटकाच धोक्याची होते, याचे याहून विदारक उदाहरण आपल्या भागात दुसरे नाही.

कृष्णाखोऱ्यातला पूर हा सवड देणारा पूर आहे, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीला पोचायला बरेच तास लागतात. पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांच्या इशारा पातळीवरून ४३ फुटांच्या धोका पातळीवर जाते ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. धरणाचा विसर्ग किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी), पातळी किती फूट किती इंच, हे आकडे आता तासातासाला प्रत्येकाच्या मोबाइलवर येतात. अडचण अशी की हे आकडे पुलाचे आणि बंधाऱ्याचे असतात, घराचे नसतात. आयर्विनला ४७ फूट झाले म्हणजे माझ्या उंबऱ्याला पाणी लागते का, आणि त्याआधी किती फुटांना माझ्या गल्लीचा बाहेर जाण्याचा रस्ता बुडतो, हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्या आकड्याचा उपयोग. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या भागांतली माणसे हा हिशेब तोंडपाठ सांगतात, कारण पाणी पहिल्यांदा त्यांच्याकडे येते. ज्यांच्याकडे ते दहा-पंधरा वर्षांतून एकदा येते त्यांना तो माहीत नसतो आणि बेसावध तेच सापडतात. यातला रस्त्याचा आकडा घराच्या आकड्याहून महत्त्वाचा आहे. अनेक गावांत घर कोरडे असतानाच ओढ्यावरचा पूल पाण्याखाली जातो आणि गाव बेट होते. म्हणून निघण्याची खूण घराच्या पायरीवर नव्हे, त्या पुलावर असायला हवी.

हा आकडा काढणे अवघड नाही. मागच्या पुरांत कोणत्या दिवशी, किती वाजता पाणी कुठे होते हे गावातल्या माणसांना आठवते, मोबाइलमधल्या छायाचित्रांवर तारीख आणि वेळ असते आणि त्या वेळची पुलाची पातळी नोंदलेली असते. दोन्ही शेजारी मांडले की गल्लीगल्लीचा तक्ता तयार होतो. त्यावरून विजेच्या खांबांवर, शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या ओट्यावर रंगाचे पट्टे मारता येतात. एका उन्हाळी सुटीत शाळेची मुले हे काम करू शकतील, आणि त्या मुलांना आपल्या गावाचा चढ-उतार जेवढा कळेल तेवढा पाठ्यपुस्तकातून कळणार नाही.

आता घराचे. घरातल्या तयारीत मी पहिला क्रमांक कागदांना देतो, कारण पुरानंतरचे सहा महिने माणूस कागदांसाठी फिरत असतो. सातबारा आता डिजिटल स्वाक्षरीसह पुन्हा मिळतो, आधारही मिळते. परंतु खरेदीखत, शाळा सोडल्याचा दाखला, जुने जातीचे दाखले, सोसायटीच्या कर्जाचे उतारे, आजाऱ्याची तपासणीची फाइल, हे भिजले की ते मिळवताना फार हेलपाटे पडतात. एका जाड प्लास्टिक पिशवीत ते सारे घालून ती पिशवी दाराजवळच्या खुंटीला जूनपासून सप्टेंबरपर्यंत टांगून ठेवावी आणि प्रत्येक कागदाचे छायाचित्र बाहेरगावच्या एखाद्या नातलगाच्या मोबाइलवर पाठवून ठेवावे. घराची, शेतीच्या अवजारांची, पंपाची आणि जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांची छायाचित्रेही पावसाळ्याआधी काढावीत. पंचनाम्याच्या वेळी 'तुमच्याकडे एवढे होते कशावरून?' हा प्रश्न येतो आणि तेव्हा गाळाने भरलेले घर साक्ष देत नाही.

दुसरा क्रमांक औषधांचा. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या निदान पंधरा दिवसांच्या, इन्सुलिन लागत असेल तर ते थंड कसे ठेवायचे याची सोय, डायलिसिसवर असलेल्या माणसासाठी पुराच्या बाहेरचे दुसरे केंद्र कोणते, गरोदर बाईची तारीख ऑगस्टात येत असेल तर तिला जुलैतच कुठे पाठवायचे, हे प्रश्न त्या-त्या घराचे आहेत आणि दुसरे कोणी ते सोडवणार नाही. पिण्याच्या पाण्याबद्दल लोक नेहमी चकतात. चहूकडे पाणी असताना नळाला पाणी नसते, कारण नदीकाठची उपसा केंद्रे सर्वांत आधी बुडतात. २०१९ मध्ये कोल्हापूर शहराने हे दिवसेंदिवस सोसले. दर माणशी रोजचे तीन-चार लिटर धरून भरलेली झाकणाची भांडी वरच्या मजल्यावर हवीत आणि पाणी शुद्ध करण्याच्या मेडिक्लोरची बाटली हाताशी हवी. त्याच पुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीपाशी बंद पडला, पेट्रोल, दूध, भाजी यांची टंचाई झाली आणि वीज नसल्याने एटीएम चालेनात. सुट्या नोटांमधली थोडी रोकड त्या आठवड्यात फार उपयोगी पडली. घर सोडताना मेन स्विच पाडणे आणि सिलिंडरचा रेग्युलेटर काढणे हे काम घरात कोणाचे, हेही नावानिशी ठरलेले असावे. जनावर हलवता आलेच नाही तर दावे सोडून द्यावे. मोकळे जनावर पोहून निघण्याची शक्यता असते, बांधलेल्याला तीही उरत नाही.

एवढे सगळे केलेले घरही एकटे असेल तर पुरे पडत नाही. माझ्या म्हणण्याचा खरा भर इथे आहे. प्रत्येक गावात पूर हाताळण्यापुरती माहिती आधीपासून असते, पण ती वेगवेगळ्या डोक्यांत विखुरलेली असते. कोणाच्या गोठ्यात किती जनावरे आहेत आणि त्यांतली किती गाभण आहेत, हे दूध संस्थेच्या सचिवाला ठाऊक असते, कारण सकाळ-संध्याकाळ दूध त्याच्यासमोर मापले जाते. कोणती बाई गरोदर आहे, कोण अंथरुणाला खिळून आहे, कोणाला क्षयाची औषधे चालू आहेत, हे आशाताईंच्या वहीत असते. कुठल्या घरात सध्या कोण राहते आणि कुठले घर बंद आहे, हे नळाला पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला माहीत असते. ट्रॅक्टर-ट्रॉली कोणाच्या, त्यांतल्या चालू स्थितीत किती, हे विकास सोसायटीत कोणीही सांगेल. पोहणारे कोण, हे तालमीतल्या मुलांना विचारावे. गावाबाहेरच्या वस्तीवर, वीटभट्टीवर, नदीकाठच्या मळ्यात बाहेरून आलेली कोणती कुटुंबे राहतात, हे बहुधा किराणा दुकानदारालाच ठाऊक असते, आणि ही कुटुंबे सरकारी यादीत नसल्यामुळे सर्वांत शेवटी आठवतात. ही सारी माणसे पावसाळ्याआधी एका दुपारी एकत्र बसली तर दोन तासांत गावाचा आराखडा कागदावर येईल. जिल्ह्याच्या आराखड्यात गावाच्या वाट्याला एखादी ओळ येते. ज्या कागदावर 'वरच्या आळीतल्या आजींना खाटेसकट न्यायचे, ट्रॉली अमक्याची, उचलणारे चौघे हे' असे लिहिलेले असते तो गावातच तयार व्हावा लागतो.

आपल्याकडे माणसे कमी नाहीत. कोल्हापूरच्या तालमी आणि पेठांतली मंडळे, गावोगावचे बचत गट, व्हाइट आर्मीसारखी स्वयंसेवकांची पथके, सरकारने प्रशिक्षण दिलेले आपदा मित्र, हे सगळे २०१९ आणि २०२१ मध्ये छातीभर पाण्यात उभे होते, हे मी कृतज्ञतेने सांगतो. त्यांचा बराच वेळ मात्र 'कोण कुठे अडकले आहे' हे शोधण्यात गेला. यादी तयार असती तर त्यांच्या त्याच श्रमांत अधिक माणसे कोरडी राहिली असती.

साधी गोष्ट किती महाग पडते याचा एक अनुभव इथे नोंदवतो. २०२१ च्या पुरात आमच्या भागातल्या काही कुटुंबांना ज्या शाळेत न्यायचे ठरले होते तिच्या दाराला कुलूप होते. किल्ली ज्यांच्याकडे होती ते दुसऱ्या गावी अडकले होते. दुसरी किल्ली कोणाकडे असते, हे कोणालाच माहीत नव्हते. कुलूप तोडायचे की नाही, तोडले तर जबाबदार कोण, यावर पावसात उभे राहून चर्चा झाली. लहान मुले आणि म्हातारी माणसे तोपर्यंत ट्रॉलीत ताडपत्रीखाली बसून होती. शेवटी कुलूप तोडले. मी कोणाला दोष देत नाही. निवाऱ्याच्या यादीत शाळेचे नाव होते आणि यादी करणाऱ्याने आपले काम चोख केले होते. मात्र त्या नावापुढे दोन किल्लीधारकांची नावे लिहिण्याची गरज कोणाला वाटली नव्हती, कारण ती यादी वरच्या कार्यालयाला पाठवण्यासाठी केलेली होती, त्या दारापाशी उभे राहणाऱ्यांसाठी नव्हती.

नदीचा पूर सवड देतो. डोंगर देत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले, तेव्हा ती बातमी बाहेर आली सकाळच्या एसटीच्या चालकामुळे, कारण नेहमीच्या वळणावर त्याला गाव दिसले नाही. दीडशेहून अधिक माणसे गेली आणि हाक मारायला कोणी उरले नव्हते. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, ही पुढची नावे. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकांना रात्री, पावसात, डोंगर चढून जावे लागले, यंत्रे वर नेता आली नाहीत आणि अखेर बेपत्ता माणसांचा शोध थांबवावा लागला. अशा ठिकाणी बचावाच्या वेगावर विसंबून राहणे म्हणजे आशेवर राहणे आहे. तिथे निर्णयाची खूण आणखी अलीकडे आणावी लागते आणि ती पावसावर बांधावी लागते. सह्याद्रीच्या उतारावरच्या प्रत्येक वाडीत एक साधे पर्जन्यमापक असावे. सलग दोन-तीन दिवसांचा पाऊस ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की त्या रात्री झोपायला खालच्या सुरक्षित जागी जायचे, सकाळी पाऊस ओसरला की परत यायचे. तो आकडा किती हे त्या-त्या डोंगराची पाहणी करून भूवैज्ञानिकांनी सांगावे, ते काम गावाचे नाही. मात्र उतारावर पडलेली नवी भेग, कललेली झाडे आणि खांब, एकाएकी गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, चौकटीत अडकू लागलेले दार, या गोष्टी पहिल्यांदा वाडीतल्या माणसालाच दिसतात, आणि त्या दिसल्यावर आकड्याची वाट पाहू नये. पावसाळ्यातल्या काही रात्री घराबाहेर काढायला सांगणे हे सोपे मागणे नाही, हे मी जाणतो. म्हणूनच खालची जागा आधी बांधलेली, छप्पर-पाणी-संडास असलेली हवी. उघड्या माळावर कोणी लेकरे घेऊन जाणार नाही.

भूकंपाला तर कोणतीच खूण नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. हजारो माणसे गेली ती बहुतेक आपल्याच घराखाली: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर उन्हापासून राखणारे मातीचे जड माळवद. मराठवाड्याच्या हवेला ते घर शहाणपणाचे होते, जमिनीच्या हालचालीला मात्र ते टिकणारे नव्हते. पुष्कळ ठिकाणी लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, उभे राहिले आणि भिंती ढासळल्या, यातच दुरुस्तीची दिशा होती: भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड, वरून फिरवलेला पट्टा, माळवदावरची माती कमी करणे. इथे निर्णयाचा क्षण बांधकामाच्या दिवशी येतो, आणि तो घेणारा माणूस आहे गवंडी. गावातल्या गवंड्याला शिकवणे हीसुद्धा आपत्तीची पूर्वतयारीच आहे, पण तिच्याकडे आपण त्या नजरेने पाहत नाही.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला मान्य करूनच पुढे जायचे आहे. आक्षेप असा की, लोकांना 'तयार राहा' म्हणून सांगणे ही सरकारने आपली जबाबदारी झटकण्याची सोय आहे. नदीला २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा आखलेली असते. त्या रेषांच्या आत भराव टाकून इमारती उठल्या, त्यांना परवानग्या मिळाल्या, रस्त्यांचे आणि पुलांचे भराव पाण्याच्या वाटेत आले. धरणांतून पाणी केव्हा आणि किती सोडायचे, हे गावाच्या हातात नाही. मग गावाने पिशवी भरून बसावे आणि चुका करणाऱ्यांना कोणी विचारू नये, हा कुठला न्याय? हा राग योग्य आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये झाला. त्याने राज्यावर आणि जिल्ह्यावर टाकलेली कर्तव्ये गावाच्या तयारीमुळे एका तसूनेही कमी होत नाहीत. माझे म्हणणे एवढेच की तयार असलेले गावच हे प्रश्न नेमकेपणाने विचारू शकते. 'पाणी अमक्या दिवशी इतक्या वाजता आमच्या पुलाला लागले, विसर्ग वाढल्याचा निरोप आम्हाला त्यानंतर इतक्या तासांनी मिळाला, अमका भराव झाल्यापासून पाणी उतरायला दोन दिवस जास्त लागतात,' असे नोंदवहीनिशी सांगणाऱ्या गावाला सहजासहजी वाटेला लावता येत नाही. नुसत्या आक्रोशाला भेटीचे आश्वासन मिळते, नोंदीला मात्र उत्तर द्यावे लागते.

दुसरा आक्षेप अनुभवातून येतो: दोनदा घर सोडले आणि पाणी आलेच नाही, आता तिसऱ्यांदा कशाला? या प्रश्नाला मला ओडिशाचे उदाहरण सर्वांत समर्पक वाटते. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधी हलवले होते आणि मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. मधल्या चौदा वर्षांत चक्रीवादळ निवारे उभे राहिले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले आणि सराव होत राहिले, म्हणून निघण्याचा त्रास लोकांना झेपेल इतका कमी झाला. आपल्याकडेही तेच करावे लागेल. छावणीत वैरण आणि धारेची सोय असेल, गल्लीवर मुलांची आळीपाळीने राखण असेल, निवाऱ्यात स्त्रियांसाठी वेगळे आणि स्वच्छ शौचालय असेल, तर रिकामी गेलेली एक खेप ही गावाची रंगीत तालीम ठरते. घरोघरच्या बायकांना हे विचारून पाहावे, कारण पाठीवर मूल आणि हातात पिशवी घेऊन छावणीत जाणाऱ्या त्याच असतात आणि केव्हा निघायचे हे ठरवताना मात्र त्यांचे मत क्वचितच घेतले जाते.

हे सारे करण्यासाठी नवा कायदा, नवी योजना किंवा नवा निधी यांची वाट पाहण्याची गरज नाही. महाराष्ट्र दिनी, १ मेला, गावोगाव ग्रामसभा होते. मृगाचा पाऊस त्यानंतर महिनाभराने येतो. यंदाच्या सभेत आपत्तीचा एकच विषय घ्यावा आणि त्यात चार प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. कोणत्या पातळीला गावाचा कोणता रस्ता बंद होतो? त्याआधी किती फुटांना पहिली ट्रॉली निघेल, आणि तिच्यात कोण बसेल? जनावरे कोणत्या माळावर जातील आणि वैरण कोण पुरवेल? निवाऱ्याच्या दोन्ही किल्ल्या कोणाकडे आहेत? शहरातल्या प्रभागांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी आपल्यापुरते प्रश्न बदलून घ्यावेत: तळमजल्यावरच्या मीटरपेट्या वर घ्यायच्या का, लिफ्ट बंद पडल्यावर पाचव्या मजल्यावरच्या आजारी माणसाला कोण उतरवणार, आवारातल्या कामगारांच्या खोल्या रिकाम्या करून त्यांना वर कोणाच्या घरी जागा द्यायची. त्या इतिवृत्ताची एक प्रत दूध संस्थेच्या काट्याजवळ लावावी. तिथे गावातले प्रत्येक घर दिवसातून दोनदा येऊन उभे राहते, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती शेजारचा माणूस वाचून दाखवतो.